हँग झालं? आधी माउस सोडा!

सोमवारची सकाळ. साडेदहाची मीटिंग. तुम्ही दहा अठ्ठावीसला लिंकवर क्लिक करता आणि... काहीच होत नाही. माउसच्या बाणाच्या जागी ते निळं चक्र गरगरायला लागतं. ब्राउझरच्या खिडकीवर दुधावर साय यावी तसा पांढरट थर चढतो. वरच्या पट्टीत ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी पाटी झळकते. मग तुम्ही काय करता? तेच, जे सगळेच करतात. अजून एक क्लिक. मग डबल क्लिक. मग दहा-बारा क्लिक, एंटर, एस्केप, हाताला लागेल ते. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि स्क्रीन काळा होईपर्यंत देवाचं नाव घ्यायचं!

आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द आहे, ‘हँग’. मोबाइल हँग होतो, एटीएम हँग होतं, दुपारी जेवणानंतर बॉसचं डोकंही हँग होतं. आणि आजारासारखाच इलाजही एकच, ‘फॉरमॅट मार’. म्हणजे जिन्यातला एक बल्ब गेला म्हणून अख्ख्या बिल्डिंगचं वायरिंग उखडायचं. नाहीतर मग ‘नवीन घे ना यार, किती दिवस हे डबडं वापरणार?’

मंडळी, ब्राउझरने कॉम्प्युटर हँग होण्यामागे जवळजवळ नेहमी एक ठरावीक गुन्हेगार असतो. एखादा टॅब, एखादं एक्स्टेन्शन, एखादी सेटिंग. त्याला शोधायला इंजिनियर असावं लागत नाही. लागतो तो थोडा धीर आणि ‘एका वेळी एकच गोष्ट बदलायची’ हा नियम. आणि हे शोधणं का महत्त्वाचं, ते आमच्या ताईच्या लॅपटॉपवरून सांगते.

दहा मिनिटांत गार

२०२४ चा जुलै. तारीख २४, रात्रीचे साडेनऊ. नाशिकहून ताईचा फोन. ताई म्हणजे माझी मावसबहीण. ती घरूनच काम करते. छोटे दुकानदार, दोन-तीन डॉक्टर, सोसायटीतले पगारदार यांचे हिशेब बघायचे आणि इन्कम टॅक्सची रिटर्न्स भरायची. त्या वर्षी पगारदारांसाठी शेवटची तारीख होती ३१ जुलै. म्हणजे हातात सात दिवस आणि टेबलावर २२ जणांच्या फायली.

“अगं, संपलं सगळं,” ताई म्हणाली. “ब्राउझर उघडला की दहा मिनिटांत अख्खा लॅपटॉप गार. माउससुद्धा हलत नाही. आज आठ वेळा बंद-चालू केलाय.”

“दुकानात दाखवलास?”

“दाखवला ना. तो म्हणतो, मॅडम, मशिन म्हातारं झालं. फॉरमॅट मारू, दोन-तीन दिवस ठेवून जा. नाहीतर चाळीस-पंचेचाळीस हजारांत नवीन घेऊन टाका.”

“आणि जिजू काय म्हणतात?”

“ते म्हणतात, तूच काहीतरी दाबत असशील.” मग थोडं थांबून म्हणाली, “असेलही गं. मला नाही झेपत हे कॉम्प्युटर प्रकरण.”

आता बघा, सहा वर्षं लोकांचे पैन् पैचे हिशेब जुळवणारी बाई म्हणतेय की मला झेपत नाही! आणि फॉरमॅटचा सल्ला वाटतो तितका साधा नव्हता. सातातले तीन दिवस दुकानात जाणार. सहा वर्षांच्या क्लायंट्सच्या फायली त्याच एका डिस्कवर, बॅकअप नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उडणार. म्हणजे लॅपटॉप सुधारेल, पण धंदा झोपेल.

मी तिला म्हटलं, “व्हिडिओ कॉल लाव आणि मोबाइलचा कॅमेरा लॅपटॉपच्या स्क्रीनवर धर.”

ओटा भरला की काय होतं?

पुढे जाण्याआधी एक प्रश्न. अडकतं एक वेब पेज, मग अख्खा कॉम्प्युटर का झोपतो?

आपल्या स्वयंपाकघराचा विचार करा. कॉम्प्युटरची रॅम म्हणजे ओटा. जे आत्ता शिजतंय, चिरायचंय, फोडणीला टाकायचंय, ते सगळं ओट्यावर. डिस्क म्हणजे माळा. तिथे जागा भरपूर, पण काही काढायचं तर शिडी लावा, चढा, शोधा, उतरा. ब्राउझरमधला प्रत्येक उघडा टॅब ओट्यावर एक पातेलं ठेवतो. मेल, चॅट, व्हिडिओ, ऑनलाइन एक्सेलसारखी शीट, ही सगळी तर मोठी पातेली.

ओटा भरला की कॉम्प्युटर काय करतो? बाजूचं एखादं पातेलं उचलून माळ्यावर ठेवतो. तुम्ही त्या टॅबवर गेलात की ते खाली आणतो आणि दुसरं वर नेतो. थोडं चालतं तोवर ठीक. पण प्रत्येक क्लिकला शिडीवर चढ-उतार सुरू झाली की स्वयंपाक थांबतो, नुसती शिडीच चालू राहते. त्यात माळा म्हणजे जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर विचारूच नका. लॅपटॉपमधली अशी डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. तिच्या आत खरोखरची तबकडी फिरते आणि एक छोटा हात डेटा शोधत पुढे-मागे पळतो. इकडचं-तिकडचं तुकड्या-तुकड्यांनी उचलायचं तर रॅमच्या तुलनेत हा प्रकार हजारो पटींनी संथ. बाणसुद्धा हलत नाही तो यामुळे. कॉम्प्युटर मेलेला नसतो. शिडीवर अडकलेला असतो.

आणि अशा वेळी तुम्ही मारलेले दहा-बारा क्लिक वाया जात नाहीत बरं का! ते रांगेत उभे राहतात. मशिन जरा शुद्धीवर येतं आणि लगेच तुमच्या त्या सगळ्या ऑर्डर्स एकदम अंगावर पडतात. म्हणून पहिला नियम, माउस सोडा. एक मिनिट घड्याळ लावून थांबा.

ब्राउझर एवढा खादाड का झाला?

‘पूर्वी एवढं होत नव्हतं’ असं म्हणणाऱ्यांची स्मरणशक्ती जरा कच्ची आहे. पूर्वी वेगळ्या पद्धतीने होत होतं. जुन्या ब्राउझर्समध्ये सगळी पानं एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे एकाच खोलीत राहायची. एक पान कोसळलं की सगळेच खलास. त्यात फ्लॅशवरचे गेम आणि जाहिराती. फ्लॅश अडकलं की ब्राउझर आडवा! तो त्रास संपायला २०२० उजाडलं. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला अडोबीने फ्लॅशचा सपोर्ट कायमचा बंद केला.

२ सप्टेंबर २००८ ला गुगलने क्रोम आणला, तेव्हा मुख्य कल्पनाच ही होती की प्रत्येक टॅबला शक्यतो स्वतंत्र खोली द्यायची. एक टॅब मेला तर मरू दे, बाकीचे जगतील. ही कल्पना समजावून सांगायला गुगलने चक्क स्कॉट मॅक्क्लाउड या कॉमिक्सकाराकडून एक कॉमिक काढून घेतलं होतं. २००९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ८ मध्येही तसलीच सोय आली. फायरफॉक्सने २०१६ पासून हा मार्ग धरला.

पण वेगळ्या खोल्या म्हणजे वेगळे पंखे, वेगळे दिवे. मेमरी जास्त लागणारच. मग जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर ही प्रोसेसरमधली भगदाडं जाहीर झाली. एका साइटने दुसऱ्या साइटची माहिती डोकावून बघू नये म्हणून क्रोमने त्याच वर्षी भिंती आणखी पक्क्या केल्या. गुगलच्याच हिशेबाने त्यासाठी मेमरी १० ते १३ टक्के जास्त लागू लागली. थोडक्यात, ब्राउझर उगाच खात नाही. त्यातलं बरंचसं तुमच्या बँकेचा टॅब शेजारच्या फालतू टॅबपासून लांब ठेवण्यासाठी खर्च होतं. बिल मात्र आपल्या रॅमवर फाटतं.

पहिली पायरी: कोण १०० वर आहे?

परत ताईकडे. तिला म्हटलं, “आता हँग होऊ दे. झाला? हात बांधून बस. एक मिनिटाने कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाब.”

याने विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो. नाहीच उघडला तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून येणाऱ्या यादीतून तो निवडायचा. मॅकवाल्यांनी कमांड, ऑप्शन, एस्केप दाबायचं, अडकलेलं अ‍ॅप बंद करायची यादी समोर येते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन रकाने दिसतात. अर्धं निदान तिथेच होतं.

मेमरी गच्च आणि डिस्क १०० टक्के? शिडीवाला प्रकार. टॅब किंवा एक्स्टेन्शन जास्त झालेत.

सीपीयू १०० आणि बाकी आरामात? कुठलं तरी एक पान वेड्यासारखं गणित करत बसलंय.

तिन्ही शांत, पण स्क्रीन गोठलेला, काळा किंवा फडफडणारा? संशय ग्राफिक्सवर.

आणि ब्राउझर बंद असतानाही मशिन तसंच अडखळतंय? मग ब्राउझरला सोडा बिचाऱ्याला. गादीवर ठेवून गुदमरलेला पंखा, साचलेली धूळ किंवा खराब होत चाललेली डिस्क, यातलं काहीतरी असेल. डिस्कमधून कटकट आवाज येत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी बॅकअप घ्या. आत्ता. हा कॉलम नंतर वाचा.

ताईच्या स्क्रीनवर टास्क मॅनेजर यायलाच दोन मिनिटं लागली. मेमरी ९६ टक्के, डिस्क १००. लॅपटॉप २०१८ चा, रॅम ४ जीबी, डिस्क जुनी फिरती. म्हणजे ओटा आधीच छोटा, आणि त्यातला बराचसा विंडोजनेच व्यापलेला.

“आता ब्राउझरच्या नावावर क्लिक कर आणि ‘एन्ड टास्क’ दे. लॅपटॉप बंद करू नकोस.”

ब्राउझर गेला आणि अर्ध्या मिनिटात माउस हलायला लागला. “अय्या!” ताई म्हणाली. दुपारपासून आठ वेळा जे पॉवर बटणाने केलं, ते कशालाही धक्का न लावता झालं होतं. पॉवर बटण अगदी शेवटचा उपाय. उघड्या फायली अर्धवट लिहिल्या जात असताना वीज तोडली तर फाइलच बिघडू शकते.

दुसरी पायरी: घरातला चोर

बऱ्याच जणांना माहीत नसतं की ब्राउझरचा स्वतःचाही टास्क मॅनेजर असतो. विंडोजवर क्रोम किंवा एजमध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत अबाउट, मग कोलन, मग प्रोसेसेस असं इंग्रजीत टाइप करा. कुठला टॅब किती मेमरी खातोय, कुठलं एक्स्टेन्शन किती सीपीयू ओढतंय, सगळी कुंडली समोर. मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात खादाड वर येतो.

ताईने ब्राउझर पुन्हा उघडला आणि लगेच ही यादी काढली. तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती अशी की उघडल्या उघडल्या टॅब ३४! तिने एकही उघडला नव्हता. ‘जिथे सोडलं होतं तिथून सुरू करा’ ही सेटिंग चालू होती. म्हणजे ताई दिवसभर लॅपटॉप बंद-चालू करत होती आणि ब्राउझर दर वेळी इमानेइतबारे तेच ३४ टॅब परत आणून बसवत होता. ज्यांनी घर भरलं त्याच पाहुण्यांना रोज नव्याने आमंत्रण! रिस्टार्ट मारून काही फरक पडत नाही असं तुम्हाला वाटतं ना, त्यामागे बरेचदा हेच असतं. ही सेटिंग ‘ऑन स्टार्टअप’ नावाखाली सापडते. तिथे ‘नवीन टॅब’ निवडायचं.

“पण मग माझे टॅब जातील ना गं?” ताईचा आवाज खाली गेला. “त्यात एकेका क्लायंटचं काय काय आहे. बंद केलं तर विसरीन.”

हे मात्र प्रत्येकाचं दुखणं आहे. आपण टॅब उघडे ठेवतो ते वाचण्यासाठी नाही, विसरू नये म्हणून. उघडा टॅब म्हणजे डोळ्यासमोर टांगलेली चिठ्ठी. पण चिठ्ठीची जागा फ्रीजच्या दारावर, ओट्यावर नाही. ब्राउझरमध्ये सगळे उघडे टॅब एकदम बुकमार्कच्या एका फोल्डरमध्ये टाकायची सोय असते. विंडोजवर क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, डी. ताईने फोल्डरला नाव दिलं ‘जुलै’ आणि मग ३४ टॅब बंद केले. चुकून एखादा हवा असलेला टॅब बंद झाला तरी घाबरू नका, कंट्रोल, शिफ्ट, टी दाबलं की तो परत येतो.

तिसरी पायरी: पाहुणे मोजा

आता फक्त दोन टॅब उघडे. तरी मेमरीचा आकडा हळूहळू चढतच होता. बसल्या बसल्या! यादीत सगळ्यात वर टॅब नव्हताच, एक एक्स्टेन्शन होतं.

“हे काय आहे ताई?”

“ते होय? मार्चमध्ये एका क्लायंटच्या पीडीएफ जोडायच्या होत्या, तेव्हा टाकलं होतं. नंतर कधी वापरलंच नाही.”

एक्स्टेन्शनची गंमत हीच. एकदा लागलं म्हणून टाकतो आणि ते जन्माचं मुक्कामाला राहतं. त्यातली काही प्रत्येक पान उघडताना मध्ये डोकावतात, स्वतःचा कोड चालवतात. एखाद्यात चूक असली की वापरलेली मेमरी ते परत करतच नाही. हातात घेतलेलं भांडं कधी खाली ठेवायचंच नाही, असा प्रकार.

तुमच्याकडे यादीत स्पष्ट चोर दिसत नसेल तर प्रायव्हेट विंडोची टेस्ट घ्या. इनकॉग्निटो किंवा प्रायव्हेट खिडकीत एक्स्टेन्शन्स सहसा बंद असतात, तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर. तीच साइट त्या खिडकीत अर्धा तास बिनबोभाट चालली, तर संशय एक्स्टेन्शनवर किंवा साठलेल्या कुकीजवर. मग एक्स्टेन्शनच्या पानावर जाऊन निम्मी बंद करा. हँग होणं थांबलं? चोर बंद केलेल्या निम्म्यांत. नाही थांबलं? उरलेल्यांत. पुन्हा त्यातली निम्मी. सोळा एक्स्टेन्शन्समधला एक चोर अशा चार फेऱ्यांत सापडतो. एकेक करत बसलात तर सोळाव्यापर्यंत वाट बघावी लागेल.

ताईने ते पीडीएफवालं काढून टाकलं. रात्रीचे अकरा वाजले होते. आम्ही मुद्दाम वीस मिनिटं इकडच्या-तिकडच्या गप्पा मारल्या. मावशीची गुडघेदुखी, तिच्या मुलाची अकरावीची अ‍ॅडमिशन. मेमरीचा आकडा ७० च्या आसपास बसला आणि तिथेच राहिला. माउस हलत होता.

बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, “म्हणजे मी काही चुकीचं दाबत नव्हते तर.”

नव्हतीच दाबत! आणि मला या सगळ्यात हेच महत्त्वाचं वाटतं. मशिन अडकलं की आपण आधी माणसावर बोट ठेवतो. ऑफिसात वयाने मोठे असलेले कलीग, घरी आई, वहिनी, काकू. ‘तुम्ही काहीतरी केलं असेल.’ दहादा ऐकलं की त्या माणसाचं तसंच मत होतं आणि तो माउसला हात लावायलाच कचरतो. खरं तर टास्क मॅनेजर कोणाचं वय, डिग्री, अनुभव बघत नाही. तो फक्त आकडा दाखवतो. आणि आकडे वाचण्यात ताईचा हात कोण धरणार?

एवढ्याने भागलं नाही तर

प्रत्येकाचा चोर वेगळा, म्हणून बाकीचे संशयितही सांगून ठेवते.

ग्राफिक्स. व्हिडिओ लावला किंवा नकाशा उघडला की स्क्रीन गोठतो? ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’खाली ग्राफिक्स किंवा हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनचं बटण असतं. ते बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करा. त्याने त्रास थांबला तर दोष बहुतेक ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा. ड्रायव्हर अपडेट करा आणि मग बटण पुन्हा चालू करून बघा, कारण ते कायम बंद ठेवलं तर सगळा भार प्रोसेसरवर येतो.

प्रोफाइल. ‘मी ब्राउझर काढून परत टाकला, तरी तेच!’ ही तक्रार नेहमीची. कारण साधं आहे. ब्राउझर काढला तरी तुमचं प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्ज, एक्स्टेन्शन्स, हिस्टरी, बहुतेक वेळा कॉम्प्युटरवर तसंच राहतं. भाडेकरू तोच, नुसता दाराला रंग दिला. त्याऐवजी ब्राउझरमध्येच एक नवं, कोरं प्रोफाइल बनवून दोन दिवस वापरा. ते नीट चाललं तर बुकमार्क आणि पासवर्ड तिकडे हलवा. फायरफॉक्समध्ये ‘रिफ्रेश’ची सोय आहे, ती एक्स्टेन्शन्स काढते पण बुकमार्क आणि पासवर्ड ठेवते.

वय. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या ११० व्या आवृत्तीपासून क्रोम विंडोज ७ आणि ८.१ वर चालत नाही. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुनं विंडोज, त्यावर अडकलेला जुना ब्राउझर आणि आजच्या भारी साइट्स, हे त्रांगडं जमत नाही. शिवाय सिक्युरिटीची भोकं उघडी राहतात ती वेगळीच.

झोपाळू टॅब. न वापरलेले टॅब आपोआप झोपवायची सोय आता मोठ्या ब्राउझर्समध्ये आहे. एजने ‘स्लीपिंग टॅब्ज’ २०२१ च्या सुरुवातीला आणले, क्रोमचा ‘मेमरी सेव्हर’ २०२२ च्या डिसेंबरात आला आणि फायरफॉक्स २०२१ पासून विंडोजवर मेमरी कमी पडली की टॅब स्वतःच उतरवून ठेवतो. क्रोम आणि एजमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन ते चालू आहे का, तेवढं बघा.

आणि एक खोटं हँग

हे नीट वाचा, कारण इथे पैसे जातात. कुठल्या तरी साइटवर भलतं क्लिक होतं आणि अचानक पूर्ण स्क्रीन लाल-निळा होतो. भोंगा वाजतो. ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, व्हायरस सापडला आहे, बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ माउस दिसत नाही, खिडकी बंद होत नाही. हँग झाल्यासारखंच वाटतं.

हे हँग नाही, हे नाटक आहे. ते फक्त एक वेब पेज असतं, पूर्ण स्क्रीनभर पसरलेलं. फोन करायचा नाही. एस्केप काही सेकंद दाबून धरा, फुल स्क्रीन निघतो. नाहीच निघाला तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझरला ‘एन्ड टास्क’ द्या. पुन्हा उघडल्यावर ‘आधीची पानं परत आणू का?’ असं विचारलं तर सरळ नाही म्हणा. फोन केला तर पलीकडचा गोड माणूस तुमच्या कॉम्प्युटरचा ताबा देणारं एखादं अ‍ॅप टाकायला सांगतो आणि मग तुमच्या बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचतो. तुमच्या ओळखीत कोणाचे असे पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

दुकानात जाल तेव्हा

ताईची २२ रिटर्न्स ३० जुलैच्या रात्री पूर्ण झाली, त्याच लॅपटॉपवर. ऑगस्टमध्ये तिने बॅकअप घेतला आणि मग त्यात आणखी ४ जीबी रॅम आणि एक छोटी एसएसडी बसवून घेतली. एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, शिडीऐवजी लिफ्टच म्हणा ना. खर्च साधारण चार हजार, पंचेचाळीस नाही. दुकान तेच. फक्त या वेळी काय हवंय ते ताईने सांगितलं आणि दुकानदाराने बसवून दिलं. जिजूंच्या मोबाइलमधली एक्स्टेन्शन्स तपासायचं आता तिच्या मनात आहे म्हणे!

सगळेच दुकानदार फसवतात असं अजिबात नाही. रोज वीस मशिन्स समोर आली की फॉरमॅट हा त्यांचा पॅरासिटामॉल होतो, एवढंच. कधी कधी तो लागतोही. मशिनमध्ये खोलवर व्हायरस शिरला असेल किंवा विंडोजच मोडलं असेल, तर फॉरमॅटला पर्याय नसतो. पण त्याआधी काउंटरवर तीन प्रश्न विचारा. हँग होतं तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये कोण १०० वर असतं, बघितलंत का? दुसऱ्या ब्राउझरमध्ये किंवा नव्या प्रोफाइलमध्येही तसंच होतं का? आणि फॉरमॅट मारायच्या आधी माझ्या डेटाचा बॅकअप कोण, कुठे घेणार?

तिन्हींची नीट उत्तरं मिळाली तर माणूस चांगला आहे, मशिन खुशाल ठेवून या. ‘त्याची काही गरज नाही मॅडम’ असं ऐकू आलं, तर लॅपटॉप बॅगेत घाला आणि घरी या. कंट्रोल, शिफ्ट, एस्केपला पैसे पडत नाहीत!